सन १८८२ चें मुंबईचें तुफान : एक निराधार नोंद

ता. ६ जून १८८२ रोजीं मुंबईस भयंकर तुफान होऊन समुद्राच्या लोंढ्यांत एक लाख माणसें बुडालीं, असें विधान जगांतील मोठ्या तुफानांच्या अनेक याद्यांत छापलेलें आढळतें. त्यास आधार काय, हें पाहण्याचा या टिपणाचा उद्देश आहे.

प्रथम संख्या पाहूं. सन १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. १८९१ मध्यें ती ८,२१,७६४ भरली. म्हणजे सुमारें आठांत एक माणूस एका दिवसांत नाहींसा झाला, असें मानावें लागेल. ही तूट बाहेरून आलेल्या लोकांनीं भरून काढली असें घटकाभर धरलें, तरी दुसरी अडचण उरतेच. तत्कालीन मुंबई मुकी नव्हती. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होती. हवामान खातें १८७५ त स्थापन झालें होतें. 'मुंबई समाचार', 'इंदुप्रकाश', 'टाइम्स ऑफ इंडिया' हीं पत्रें चालू होतीं, आणि पुण्यास 'केसरी' १८८१ त निघाला होता. अलीकडील अभ्यासकांनीं शोध घेतला असतां या तुफानाचा समकालीन पुरावा मिळाला नाहीं. एखाद्या कागदाचें मौन हा पुरावा नव्हे. परंतु इतक्या साक्षीदारांचें एकत्र मौन हा पुरावाच मानला पाहिजे.

जूनमध्यें कोंकणांत तुफान होतच नाहीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' तुफानानें श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. घराचें छप्पर महिन्या-दोन महिन्यांत घालतां येतें. नवी पोफळ फळास येण्यास वर्षें लागतात. म्हणून बागायतदारांचें नुकसान वारा पडल्यावरही संपलें नाहीं.

खोट्या नोंदीचा खरा अपाय असा कीं, ती खऱ्या आपत्तींस झांकते. मे १६१८ मध्यें वसई-मुंबईकडे तुफान होऊन सुमारें २,००० माणसें व ६० जहाजें गेल्याचें गॅझेटियरांत नमूद आहे. १७८३ च्या तुफानांत मुंबई बंदरांत सुमारें ४०० माणसें मेलीं. १ नोव्हेंबर १८५४ रोजीं चार तासांत सुमारें एक हजार माणसें मेलीं व पांच लाख पौंडांची मालमत्ता बुडाली. लाखाच्या आंकड्यापुढें हे आंकडे लहान दिसतात, आणि ज्यांचे प्राण खरोखर गेले ते विस्मृतींत जातात. शिवाय, एक नोंद खोटी ठरतांच बाकीच्याही खोट्याच, असें वाचक म्हणूं लागतो. मुंबईसारख्या शहरास हा समज घातक आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. समुद्राचा पुरावा समुद्रकांठींच असतो असें नाहीं. वऱ्हाडचा कापूस अकोल्याहून आगगाडीनें मुंबईस जात असे, व मालेगांव हें अकोला-वाशिम रस्त्यावरील गांव आहे. शके १८०४ च्या ज्येष्ठ वद्य पक्षांतील येथील व्यापाऱ्यांच्या वह्या व आडत्यांचीं पत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं अवश्य तपासावीं. मुंबईचा बाजार त्या पंधरवड्यांत नेहमीप्रमाणें चालू होता असें त्यांत दिसलें, तर एका साध्या जमाखर्चानें एक लाख काल्पनिक मृत्यूंचा निकाल लागेल.