न आंबलेली वाइन

द्राक्षाचा रस काढून ठेवला की तो रस राहत नाही. सालीवरचं यीस्ट त्यातली साखर खातं, अल्कोहोल बनवतं आणि दोन-तीन दिवसांत रस फसफसू लागतो. त्यामुळे रस टिकवायचा तर तो काकवीसारखा आटवायचा, नाहीतर त्याची वाइन करायची, एवढेच पर्याय शतकानुशतकं होते.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत यातून एक धार्मिक पेच उभा राहिला. मेथडिस्ट लोक दारूच्या विरोधात उभे होते, पण प्रभुभोजनाच्या विधीत प्याल्यात वाइनच असायची. न्यू जर्सीतल्या व्हाइनलंड गावचे दंतवैद्य थॉमस ब्रॅमवेल वेल्च यांनी १८६९ साली यावर तोड काढली. वाइन खराब होऊ नये म्हणून ती तापवावी, हे लुई पाश्चर यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. वेल्च यांनी बाटलीबंद रसच तापवला. यीस्ट मेलं, रस गोड राहिला. वाइन वाचवायची युक्ती वाइन होऊच नये म्हणून कामी आली. बाटलीवर नाव मात्र होतं 'न आंबवलेली वाइन'!

रस होता कॉन्कॉर्ड या एकाच वाणाचा. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावी इफ्रेम बुल यांनी रानद्राक्षांच्या बियांपासून हा वाण निवडला आणि १८५३ साली प्रदर्शनात मांडला. युरोपातल्या वेली तिथल्या थंडीत तग धरत नसत, हा धरायचा. वाइनच्या जाणकारांना मात्र त्याचा उग्र वास खपत नसे. शिवाय साखर कमी, आंबटपणा जास्त. पण तोच वास रस तापवल्यावरही टिकतो. म्हणजे वाइनसाठीचा दोष रसासाठी गुण ठरला.

तरी चर्चमधून फारशी मागणी आली नाही. धंदा वाढवला तो मुलाने, चार्ल्सने. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने लोकांना रस पाजला आणि पुढे दंतवैद्यकी सोडून दिली. १९१३ साली परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी ब्रिटिश राजदूताच्या मेजवानीत वाइनऐवजी द्राक्षरस दिला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. १९२०मध्ये देशभर दारूबंदी आली, तर घरगुती फळरसाला दिलेल्या सवलतीचा आधार घेत लोक घरोघरी द्राक्षं आंबवू लागले.

आज रीस्लिंग, मर्लो अशी नावं लावून एकेका वाणाचे रस विकले जातात. रसाला प्रतिष्ठा हवी, की पुन्हा वाइनचीच भाषा उसनी घ्यावी लागते. कॉन्कॉर्डला मात्र तिची गरज उरली नाही. अमेरिकेत द्राक्षाची चव म्हणजे कॉन्कॉर्डचीच चव, असं समीकरण झालं.

बुल १८९५ साली गरिबीत वारले. त्यांनी पेरलं, कापणी इतरांनी केली, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या थडग्यावर कोरलेले आहेत.