वेषातील गायिका : मुद्रित प्रतिमा आणि प्रयोगाचा पुरावा

युरोपीय संगीतिकेचा इतिहास लिहिताना भूमिकेच्या वेषातील गायिकांची मुद्रित चित्रे प्रयोगाचा पुरावा म्हणून वापरली जातात. वेष कोणता होता, अंगविक्षेप कसे होते, हे त्यांवरून ठरविले जाते. या चित्रांत प्रयोगाची नोंद आहे, हे गृहीतक मात्र तपासून घेणे आवश्यक आहे.

आलोइस झेनेफेल्डर याने १७९६च्या सुमारास बव्हेरियात शिळाछापाचे तंत्र शोधून काढले. ताम्रपटावर कोरण्याच्या मानाने ते स्वस्त व जलद असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गायिकांच्या प्रतिमा नाट्यगृहाबाहेरही पोचल्या. स्वरलिपीच्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवर त्या झळकू लागल्या. अशा चित्राखाली बहुधा दोन नावे असत : एक गायिकेचे, दुसरे पात्राचे. ही जोडणी अर्थपूर्ण आहे. बेल्लिनीने ‘ला सोन्नाम्बुला’तील आमिना आणि ‘नॉर्मा’तील नायिका (दोन्ही १८३१) ज्युदित्ता पास्ता हिच्या कंठासाठीच रचल्या होत्या. त्यामुळे तिच्या प्रतिमेतील दोन नावांचा संबंध अनुकरणापेक्षा स्वामित्वाचा ठरतो. चित्र प्रयोगाचे वर्णन करीत नाही. भूमिकेवरील अधिकार घोषित करते.

१८५४ मध्ये दिस्देरीने पॅरिसमध्ये भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्रांचे पेटंट घेतले. १८६१ मध्ये अठरा वर्षांची आदेलिना पात्ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये प्रथम उभी राहिली, तीही आमिना म्हणूनच. त्याच वर्षी कामीय सिल्वीने तिला भूमिकांच्या वेषात टिपले. आता वस्त्र खरे, पण स्थळ रंगमंच नव्हे, छायाचित्रकाराची खोली. कॅमेऱ्यापुढे निश्चल राहणे भाग असल्याने गाण्याची क्रियाच चित्रातून वगळली जाते. शिवाय तीस वर्षांपूर्वी दुसरीच्या कंठासाठी घडलेली भूमिका ही गायिका धारण करते. चेहरा स्थिर, वेष बदलते. अधिकाराची जागा संग्राह्यता घेते.

पात्तीचा आवाज १९०५ व १९०६ मध्ये ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा तिने साठी ओलांडली होती. म्हणजे प्रतिमा तारुण्यातील आणि स्वर वार्धक्यातील. दोन्ही पुरावे अस्सल असूनही एका क्षणाचे नाहीत. पास्ताच्या बाबतीत तर स्वराचा पुरावा उरलेलाच नाही. या दोहोंमधील रिक्त जागा चित्राच्या आधारे भरून काढण्याचा मोह इतिहासकाराने टाळावयास हवा. वेषातील प्रतिमा ही हरवलेल्या प्रयोगाची खिडकी नव्हे. ती स्वतंत्र संहिता आहे, आणि तिचे वाचन तिच्या तळाशी छापलेल्या दोन नावांपासून सुरू होते.