वेड्याला खून माफ असतो का?

आपल्या बीड जिल्ह्यातल्या बचतगटांच्या एका बैठकीत हा प्रश्न निघाला. उत्तर शोधता शोधता आम्ही थेट लंडनला पोहोचलो.

1843 साली तिथं डॅनियल मॅकनॉटन या माणसानं पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपल्या जिवावर उठलाय, असा त्याला भ्रम होता. कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं, पण घरी पाठवलं नाही. उरलेलं आयुष्य त्यानं वेड्यांच्या इस्पितळात काढलं. तरी लोक खवळले. मग न्यायाधीशांनी नियम सांगितला: आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे आजारामुळं त्या वेळी कळतच नसेल, तरच सुटका.

त्याच धर्तीवर 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 84 आलं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 22 झालं. फ्रान्समध्ये मधली पायरी आहे: भान पूर्ण गेलं तर शिक्षा नाही, थोडं गेलं तर शिक्षा ठरवताना ते बघतात. आपल्या कलमात ती पायरी नाही. अमेरिकेच्या कॅन्सास राज्यात तर ‘चूक-बरोबर कळत नव्हतं’ एवढ्यावर सुटका होत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राचं बघू. 1994 साली एका पोलीस शिपायानं वाटणाच्या दगडानं बायकोला मारलं. जन्मठेप झाली, हायकोर्टानंही ती कायम ठेवली. 2002 साली सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. का? संशयाच्या भ्रमाचा आजार, म्हणजे स्किझोफ्रेनिया, त्याला होता. 1992 पासूनच्या उपचारांचे कागद होते. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला 25 वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. खून करून तो पळालाही नव्हता. भान नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, तिथं हे कागद कामी आले.

पण मैत्रिणींनो, ती बाई गेली ती गेलीच. कुठल्याच देशाचा कायदा तिला परत आणत नाही. आपल्याकडं माणूस रात्र रात्र जागतो, एकटाच बोलतो, बायकोवर संशय घेतो. आपण म्हणतो, ‘बाहेरचं झालंय’, आणि देवऋषी गाठतो. देवऋषी गोळी देत नाही आणि केसपेपरही देत नाही.

म्हणून वेळेत दवाखाना गाठा, केसपेपर जपून ठेवा. टेलिमानसचा 14416 हा फोन फुकट आहे. आणि जिवाला धोका वाटला, तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता आधी घराबाहेर पडा. गटातल्या कुणाचंही दार वाजवा.