युद्धपदकाची पुष्पिका

कारंजें येथील जैन भांडारांतील पोथी हातीं येतांच संशोधक प्रथम पुष्पिका वाचतो. वारशानें आलेल्या युद्धपदकांसही हाच न्याय लावावा. १९१४-१८ च्या महायुद्धाचें रौप्यपदक सराफाकडे केवळ चांदीच्या भावानें मोडीत निघतें. परंतु त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण हीं इंग्रजी अक्षरांत ठसविलेलीं असतात. तेथें '११७ मराठा' असें आढळल्यास ती पलटण कूटच्या वेढ्यांत होती, व तेथील सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलें, हें स्मरावें. पलटणीचें हें नांव १९२२ च्या पुनर्रचनेंत लोपलें. टोपीच्या बिल्ल्यावर धारकाचें नांव नसतें. त्याचें मोल सोबतच्या कागदांवर ठरतें. म्हणून पदक घासूं नये, कडेचा लेख उतरून ठेवावा. चांदी पुन्हां मिळेल. नांव मिळणार नाहीं.