पाटीवरचा परका शब्द

सिएनातल्या त्या हॉटेलच्या खोलीची चावी माझ्या मुठीत मावत नव्हती. चावी तशी बोटाएवढी. पण तिला पेरूएवढा पितळी गोळा लटकवलेला आणि गोळ्याला लाल गोंडा. पाहुण्याने ती खिशात घालून गावभर हिंडू नये, बाहेर पडताना निमूट काउंटरवर ठेवावी, म्हणून हा भार. काउंटरमागच्या बाईंनी ती माझ्याकडे सरकवली आणि दोनच शब्द उच्चारले, 'कामेरा' आणि 'क्यावे'. माझं इटालियन जेवणाच्या यादीपुरतं, तरी दोन्ही कळले. क्यावे म्हणजे चावी. लॅटिन 'क्लाविस' हा दोघींचा पूर्वज. एक शाखा इटलीतच राहिली, दुसरी पोर्तुगालमार्गे कोकण किनाऱ्यावर उतरली. आजचे पोर्तुगीज 'शावे' म्हणतात, पण त्यांची जहाजं गोव्याला लागली त्या काळी या शब्दाच्या तोंडी 'च' होता. तो त्यांनी टाकला, आपण जपला. कामेरा म्हणजे खोली. तिच्यातलीच 'अंधारी खोली' पुढे यंत्र होऊन माझ्या गळ्यात लटकत होती, आणि तिचंच पोर्तुगीज भावंड हिंदीत 'कमरा' होऊन बसलं आहे.

हॉटेल साधंच. चार मजले, लिफ्ट नाही, न्हाणीघर मजल्याच्या टोकाला, सगळ्यांत मिळून एक. खिडकीतून समोरच्या घराची विटांची भिंत आणि वर हातभर आकाश. दारावर पाटी 'अल्बेर्गो', शेजारी एकुलता एक तारा. कडेच्या भिंतीवर मात्र, ऊन तिरपं आलं की, जुन्या रंगातली पुसट अक्षरं उमटत: 'पेन्स्योने'. या दोन शब्दांनी तीन दिवस माझा पिच्छा पुरवला. चित्रं आणि चर्च पाहायला आलेला माणूस पाट्या वाचत फिरू लागला की बरोबरचे वैतागतात. बरोबर आलेली माझी ताईही वैतागली.

आधी अल्बेर्गो. शब्द कानाला अस्सल इटालियन वाटतो, पण तो लॅटिनचा नाही. तो गॉथांचा. गॉथिक भाषेत 'हारी' म्हणजे सैन्य आणि 'बेर्ग' म्हणजे आसरा, राखण. 'हारीबेर्गो' म्हणजे फौजेचा मुक्काम, छावणी. पश्चिमेचा शेवटचा रोमन सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला, ४८९ मध्ये थिओडोरिक आपले ऑस्ट्रोगॉथ घेऊन आल्प्स उतरला आणि पुढची साठेक वर्षं इटलीत गॉथांचं राज्य होतं. राज्य गेलं, भाषा गेली, छावणीचा शब्द तेवढा मागे राहिला. त्याचं गोत मोठं आहे. फ्रेंच 'ओबेर्ज', स्पॅनिश 'अल्बेर्गे', जर्मन 'हेरबेर्गं' आणि इंग्रजीतला 'हार्बर' हे सगळे भाऊबंद. इंग्रजांनी आसरा माणसांकडून काढून जहाजांना दिला, एवढंच.

म्हणजे या पाटीवरचा पहिला पाहुणा शिपाई. तो खोली मागत नसे, घेत असे. रोमन काळातही प्रकार वेगळा नव्हता. सम्राट आर्केडियस आणि होनोरियस यांचा ३९८ सालचा एक कायदा सांगतो, की फौजेतला माणूस मुक्कामाला आला तर घराचे तीन भाग करावेत. पहिला भाग मालकाने निवडावा, दुसरा पाहुण्याने, उरलेला पुन्हा मालकाचा. पाहुणा शस्त्रधारी असताना पहिली निवड मालकाची ठेवणाऱ्या कायदेपंडिताचं कौतुक करावं तितकं थोडं. या व्यवस्थेचं सरकारी नाव होतं 'हॉस्पितालितास', म्हणजे शब्दशः आतिथ्य. आणि शिपायासाठी शब्द होता 'हॉस्पेस', म्हणजे पाहुणा.

या हॉस्पेसचं एक वैशिष्ट्य आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाहुणाही होतो आणि यजमानही. आजच्या इटालियनमध्येही 'ओस्पिते' दोघांना चालतो. कोण कुणाकडे आलं आहे ते वाक्यावरून ओळखायचं. आपल्याकडे यजमान आणि पाहुणा यांची अशी सरमिसळ शब्दात नाही, मुक्काम फार लांबला तरच होते. या हॉस्पेसपासून 'हॉस्पिताले' झालं, म्हणजे पाहुण्यांची जागा. इथे दुसरा पाहुणा येतो, तो यात्रेकरू.

सिएना हे गाव मुळातच रस्त्यावरचं. उत्तर युरोपातून आल्प्स ओलांडून रोमला जाणारी 'व्हिया फ्रान्चिजेना' ही यात्रेची वाट इथून जाते. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक ९९० मध्ये रोमहून परतला, तेव्हा त्याच्या वाटेवरच्या मुक्कामांची यादी लिहून ठेवली गेली. ऐंशीच्या आसपास नावं आहेत, त्यांत सिएना आहे. वाटेवर लोक पायी येणार, थकून, पाय सोललेले, ताप घेऊन. त्यांच्यासाठी कॅथीड्रलच्या समोरच 'सान्ता मारिया देल्ला स्काला' उभं राहिलं. स्काला म्हणजे पायऱ्या, समोरच्या कॅथीड्रलच्या. १०९० च्या एका दस्तऐवजात त्याचा उल्लेख सापडतो. इथे यात्रेकरूला बिछाना मिळे, गरिबाला पाव, टाकून दिलेल्या पोरांना दाई. त्यातल्या मोठ्या दालनाचं नाव आजही 'पेल्लेग्रिनाइओ', म्हणजे यात्रेकरूंची जागा. १४४० च्या दशकात दोमेनिको दि बार्तोलो याने त्याच्या भिंतींवर तिथलंच कामकाज रंगवलं. जखमीचे पाय धुतले जात आहेत, दाया पोरं सांभाळत आहेत, आश्रमातल्या मुलीचं लग्न लागतं आहे. देवदूत कमी, कारभार जास्त. मला सिएनातलं सगळ्यात आवडलं ते हे दालन.

आलेल्यांपैकी पुष्कळजण आजारी, त्यामुळे हळूहळू यात्रेकरू मागे पडला आणि रोगी उरला. पाहुण्यांच्या जागेचं इस्पितळ झालं. विसाव्या शतकातही या चित्रांखाली खाटा लागलेल्या असत. इटालो काल्विनो हा लेखक सप्टेंबर १९८५ मध्ये याच इस्पितळात वारला. आता तिथे संग्रहालय आहे. आपलं 'इस्पितळ' पोर्तुगीजांनी आणून दिलेलं, त्याच हॉस्पितालेचं. आणि फ्रान्समध्ये गेलेल्या हॉस्पितालेची अक्षरं गळत गळत 'ओस्तेल', मग 'स'ही गळून 'ओतेल' झालं. लिहिताना गेलेल्या 'स'ची आठवण म्हणून 'ओ'वर टोपी ठेवतात. त्याचा अर्थ आधी सरदाराचा वाडा, मग पैसे घेऊन प्रवाशाला उतरवून घेणारं घर. तेच आपलं हॉटेल. एसटी स्टँडसमोर हॉटेल आणि इस्पितळ शेजारी-शेजारी दिसतात, ते सख्खे भाऊ आहेत.

एकोणिसाव्या शतकात श्रीमंत परदेशी प्रवाशांच्या मागोमाग हा फ्रेंच शब्द इटलीत परतला आणि मोठमोठ्या पाट्यांवर चढला. मुसोलिनीच्या राजवटीला तो खुपला. १९२३ मध्ये परभाषेतल्या पाट्यांवर जादा कर बसला. डिसेंबर १९४० च्या कायद्याने दुकानांच्या नावांत आणि जाहिरातींत परके शब्द वापरायलाच बंदी घातली. 'हॉटेल' हटवा, शुद्ध देशी 'अल्बेर्गो' लिहा, असा आग्रह. आता कुळी पाहा. हटवलेला शब्द रोमच्या लॅटिनचा, फक्त फ्रान्सला जाऊन टोपी घालून आलेला. आणि बसवलेला शब्द, रोम ज्यांच्या ताब्यात गेलं त्या गॉथांच्या छावणीचा. भाषाशुद्धीच्या इतिहासात इतकी देखणी फजिती मला दुसरी माहीत नाही. आपल्याकडेही पाट्यांवरून अधूनमधून रण पेटतं. त्या मंडळींनी सिएनात एक फेरी मारायला हरकत नाही.

त्याच राजवटीची दुसरी खूण आमच्या वाट्याला पहिल्या दिवशीच आली होती. चावी देण्याआधी बाईंनी आमचे पासपोर्ट मागितले आणि घेऊन आत गेल्या. ताईच्या जिवाची उलघाल झाली. दहा मिनिटांनी पासपोर्ट परत आले तेव्हा तिने ते दोनदा उघडून पाहिले. पण बाईंचा इलाज नव्हता. १९३१ च्या सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्याचं १०९ वं कलम सांगतं, की ओळखपत्र पाहिल्याशिवाय कुणाला उतरवून घ्यायचं नाही आणि आलेल्याची वर्दी चोवीस तासांत पोलिसांना द्यायची. पूर्वी छापील चिठ्ठी भरत, आता संगणकावरून पाठवतात. कलम तेच.

आता भिंतीवरची पुसट अक्षरं. पेन्स्योने म्हणजे आपलं पेन्शनच. लॅटिनमध्ये 'पेंदेरे' म्हणजे लटकावणं, तोलणं. पैसे तोलून द्यायचे म्हणून 'पेन्सिओ' म्हणजे ठरलेल्या मुदतीला द्यायची रक्कम. ब्रिटिशांच्या मार्फत ती आपल्याकडे आली तेव्हा सरकार देणार आणि म्हातारा घेणार, असा प्रवाह होता. इटलीत उलट. म्हातारा, विशेषतः म्हातारी, देणार. घरमालकीण घेणार आणि त्यात महिना-दोन महिने राहणं, दोन वेळचं जेवण, सगळं आलं. आपल्या जुन्या 'बोर्डिंग-लॉजिंग'च्या पाटीच्या जवळचा हा प्रकार. अर्धी राहिलेली वाइनची बाटली खोलीचा नंबर लावून उद्यासाठी ठेवायची, रुमाल दोन दिवस तोच वापरायचा, टेबलावरची जागा ठरलेली. ई. एम. फॉर्स्टरची १९०८ ची कादंबरी 'अ रूम विथ अ व्ह्यू' फ्लॉरेन्समधल्या अशाच एका पेन्स्योनेत सुरू होते, आणि भांडण असतं खिडकीतून नदी दिसणाऱ्या खोल्यांवरून. समोरच्या विटा मोजत मी त्या पात्रांशी पूर्ण सहमत झालो.

पेन्स्योने संपली ती मात्र मालकिणींच्या मरणाने नव्हे, राजपत्राने. १९८३ च्या पर्यटन कायद्याने जुन्या प्रतवाऱ्या काढल्या. त्याआधी अल्बेर्गोंच्या श्रेणी वेगळ्या, पेन्स्योनेच्या वेगळ्या, आणि सगळ्यांत खाली 'लोकांदा'. नव्या कायद्याने एक ते पाच तारे आणले आणि पेन्स्योने हा सरकारी वर्गच उरला नाही. कुणीतरी शिडी लावून अक्षरं पुसली, वर अल्बेर्गो लिहिलं, बाजूला तारा काढला. न्हाणीघर होतं तिथेच राहिलं.

लोकांदाची गोष्ट छोटी, पण गोड. 'लोकांदा' म्हणजे लॅटिनमध्ये 'भाड्याने देणे आहे'. दारावर नुसतं एवढंच लिहिलेलं असे, आणि लोक त्या घरालाच लोकांदा म्हणू लागले. आपल्याकडे 'जागा भाड्याने देणे आहे'चं एखाद्या वाड्याला नाव पडावं तसं. या लोकांदाची मालकीण मात्र अमर झाली. कार्लो गोल्दोनीने १७५३ मध्ये 'ला लोकांदिएरा' रंगभूमीवर आणलं. त्यातली मिरांदोलिना उतरलेल्या उमरावांना बोटावर नाचवते आणि लग्न करते आपल्या नोकराशी. आमच्या काउंटरवरच्या बाईंना तिची थोडी छटा होती. उमराव तेवढे नव्हते.

'हॉस्पेस'चीच आणखी एक मुलगी म्हणजे 'ओस्तेरिया'. पूर्वी तिथे खायला, प्यायला, निजायला सगळं मिळे. आज ओस्तेरियात फक्त जेवतात. आणि महाराष्ट्रात आपण 'हॉटेलात जाऊ' म्हणतो ते मिसळ खायला. झोपायचं असेल तर 'लॉज' बघतो. दोन्हीकडे बिछाना गळून ताट उरलं. लॉजही, जाता जाता, इटलीचा नातलग. जर्मन टोळ्यांच्या बोलीतला 'लाउब्या' म्हणजे पानांचा मांडव. त्याचं फ्रेंचमध्ये 'लोज', इंग्रजीत 'लॉज' आणि इटलीत 'लोज्जा'. फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकातल्या कमानींच्या मंडपाला 'लोज्जा देई लान्त्सी' म्हणतात, कारण कोसिमो मेदिचीच्या पहाऱ्याचे जर्मन भालेकरी, लान्त्सी, तिथे असत. पुन्हा शिपाईच.

निघायच्या सकाळी बाईंनी बिल हाताने लिहिलं. खोलीचे वेगळे, आणि खाली रोख द्यायचा मुक्काम-कर, माणशी, रात्रीगणिक. हा कर इटलीत प्रथम १९१० मध्ये औषधी झऱ्यांच्या आणि समुद्रस्नानाच्या गावांसाठी आला, १९८९ पासून बंद होता, २०११ मध्ये परतला. ताईने आकडे तपासले, आणि मला लूव्रमधला एक दगड आठवला. दक्षिण इटलीतल्या इझेर्निया गावचा, रोमन काळातला, एका खाणावळ-सराईवाल्याचा आणि त्याच्या सोबतिणीचा. त्यावर कोरलेलं आहे ते बिल. टोपीचा झगा घातलेला प्रवासी खेचराचा लगाम धरून उभा, समोरचा बोटांवर हिशेब करतो आहे. पाव एक 'आस', कालवण दोन, रात्रीची मुलगी आठ. या सगळ्याला प्रवासी खुशाल मान डोलावतो. मग खेचराच्या गवताचे दोन, आणि इथे मात्र तो कळवळतो, की हे खेचर एक दिवस मला बुडवणार.

आमच्याकडे खेचर नव्हतं. चाकांची बॅग होती, तिला गवत लागत नाही. मी पितळी गोळा काउंटरवर ठेवला, बाईंनी तो सातव्या खुंटीला लटकवला, आणि आम्ही सिएनाच्या उताराला लागलो. खाली पोचेपर्यंत दगडी फरशीवर बॅगेचं एक चाक निखळलं. ताई म्हणाली, "घे आता, गवत घाल तिला."