निष्क्रिय जोडणी आणि गर्दीचे नियमन

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील संदेशवहनाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोहोंमधील अंतर अवघे ४०० यार्ड होते. या कोंडीवर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला. प्रेषकाने आपली 'खिडकी', म्हणजे पोच येण्यापूर्वी धाडावयाच्या माहितीची मर्यादा, प्रथम लहान ठेवावी व येणाऱ्या पोचांच्या तालावर वाढवावी.

तथापि जोडणी स्तब्ध राहिली की हा ताल नाहीसा होतो. जुनी मोठी खिडकी कायम असल्यास सारी माहिती एकदम लोटली जाते. म्हणून दीर्घ विरामानंतर पुनश्च लहान खिडकीनेच प्रारंभ करावा, अशी जेकबसन यांची शिफारस होती. परंतु विराम ओळखावा कसा? शेवटची माहिती केव्हा आली हे पाहण्याची रीत वेब सर्व्हरच्या बाबतीत फसली. कारण ग्राहकाची मागणी पोहोचताच विराम मोजणारी कसोटी निष्फळ ठरे. यास्तव १९९९ च्या आरएफसी २५८१ या प्रमाणलेखाने शेवटचे प्रेषण हा निकष मानला.

२००० मध्ये हँडले, पाध्ये व फ्लॉइड यांनी मध्यम मार्ग सुचविला: प्रत्येक पुनःप्रेषण-अवधीगणिक खिडकी निम्मी करावी. थांबून थांबून माहिती धाडणाऱ्या कार्यक्रमांना तोही जाचक ठरला. अखेर २०१५ च्या प्रायोगिक आरएफसी ७६६१ ने पाच मिनिटांपर्यंत खिडकी राखण्यास मुभा दिली. मात्र कोंडीचे चिन्ह दिसताच ती प्रत्यक्ष वापराच्या मानाने आखडावयाची. मार्गाविषयीचे जुने ज्ञान किती काळ विश्वसनीय मानावे, हाच या साऱ्या वादाचा गाभा होय.