पपईचा चीक ते धातूची नळी

पाठ न चिरता कण्यापर्यंत पोचण्याची वाट आधी पपईने दाखवली, धातूची नळी नंतर आली. लुईस थॉमस या अमेरिकी डॉक्टरने सशांच्या रक्तवाहिनीत पपेन टोचलं. कच्च्या पपईच्या चिकातलं हे द्रव्य. आपल्याकडे मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ती याच्याच भरवशावर. सशांचे ताठ कान लुळे पडले आणि काही दिवसांनी पुन्हा उभे राहिले. कानातली कूर्चा तेवढ्यापुरती मऊ पडली होती. थॉमसने हे १९५६मध्ये छापलं.

दोन मणक्यांमधली सरकलेली गादी शीर दाबते म्हणून पायात कळ जाते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४मध्येच मांडलं होतं. पण ती काढायची तर हाडावरचे स्नायू खरवडून मणक्याची कमान फोडावी लागे. सशांच्या कानांबद्दल वाचून लायमन स्मिथ यांनी पपईतलंच काइमोपपेन थेट गादीत टोचलं. त्यांचा अहवाल १९६४चा. काहींना गंभीर ॲलर्जी झाली आणि हे इंजेक्शन हळूहळू मागे पडलं.

म्हाताऱ्या माणसांना तसाही त्याचा उपयोग नव्हता. त्यांचं दुखणं निराळं. उताराला लागलेल्या वयात गादीतलं पाणी आटतं, तिची उंची घटते, मागचे सांधे फुगतात आणि कमानींमधला पिवळा बंध जाड होऊन आत येतो. शिरांची नळी आवळते. उत्रेख्तच्या हेंक व्हर्बिस्ट यांनी या अरुंद नळीचं चित्र १९५४मध्ये ठळक केलं. असा माणूस थोडं चाललं की पाय भरून येतात म्हणून कट्ट्यावर बसतो. पुढे वाकला की नळी जराशी मोकळी होते आणि त्याला बरं वाटतं. सायकल मात्र तो खुशाल चालवतो. हाड आणि जाड बंध इंजेक्शनने विरघळत नाहीत. तिथे हत्यारच लागतं.

झुरिकचे यासारगिल आणि जर्मनीतले कास्पार यांनी १९७७मध्ये सूक्ष्मदर्शकाखालचं गादीचं ऑपरेशन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलं. चीर लहान झाली, पण स्नायू हाडापासून सोडवावाच लागे. १९९७मध्ये मेम्फिसच्या केव्हिन फोली आणि मॉरिस स्मिथ (हे स्मिथ वेगळे) यांनी खरी मेख ओळखली: वाचवायचा आहे तो स्नायू. एक्स-रेवर बघत आधी बारीक कांडी आत जाते, तिच्यावरून जाड, मग आणखी जाड. स्नायूचे तंतू कापले न जाता बाजूला होतात आणि शेवटी साधारण १८ मिलिमीटरची नळी कमानीवर टेकते. पुढे हीच नळी आवळलेल्या कण्यासाठी वापरात आली. ती तिरकी केली की एकाच बाजूने शिरून पलीकडचा बंधही काढता येतो.

तरी २००९च्या एका डच चाचणीत गादीच्या ऑपरेशनसाठी नळी नेहमीच्या सूक्ष्मदर्शक पद्धतीहून सरस ठरली नाही. टाके किती, एवढ्यावरून डॉक्टर निवडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. मला नळीचं मोल वाटतं ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांसाठी. पंचाहत्तरीतला माणूस अंथरुणाला खिळला की मांड्यांची ताकद झपाट्याने जाते आणि सहजी परत येत नाही. नळीतून ऑपरेशन झालेल्याला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करता येतं.